कुसुमच्या श्वासाची जागा

ये, अशी जवळ बस. तिकडे दारापाशी काय टेकतेस पाहुणीसारखी? आणि इतक्या दिवसांनी? फोनवर "येतो, येतो" म्हणायचं आणि धान कापून, चुरून घरात पडतं तरी तुझा पत्ता नाही. काऊन वो, रस्ता विसरली होतीस की माणूस? जाऊ दे. पाय वर घे, उन्हातून आलीस. आज मला एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती ओरडून बोलण्यासारखी नाही.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बावीस वर्षं. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. देवासमोर हात जोडून बसले तेव्हाही भलतंच काहीतरी मागून उठले. गेल्या महिन्यात मात्र एका माणसाला सांगितलं. तिचा पहिला हक्क होता म्हणून. आता दुसरी तू.

तुला माहीत आहे, मी ढोलक वाजवते. कोणी शिकवलं नाही. सासरे गावात दंडारीच्या खेळाला वाजवायचे, त्यांचं ढोलक खुंटीला टांगलेलं असे, आणि त्याला हात लावायची बाईमाणसाला परवानगी नव्हती. मी तेलाच्या रिकाम्या पिप्यावर शिकले. सासरे गेले तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "काढ वो ते खाली, उंदरं कातडं खाऊन टाकतील." तेव्हापासून ते माझं. मग गावात बायांचं भजन मंडळ निघालं आणि मला मांडीवर ढोलक घेऊन चारचौघांत बसायला कारण मिळालं.

लोकांना वाटतं ढोलक वाजवणं म्हणजे हाताने मारणं. अगं, मारतं तर कोणीही. उचलणं अवघड. थाप पडली की हात लगेच सैल सुटला पाहिजे, नाही तर आवाज तिथंच दबून मरतो. खांदा ताठ, मनगट ताठ, दात आवळलेले, अशी नवी बाई वाजवायला बसली की अर्ध्या तासात तिचा हात भरून येतो. मी सांगते तिला, बाई, सुपात तांदूळ पाखडतेस तेव्हा सूप असं आवळून धरतेस काय? मग इथंच काऊन?

पण हे झालं हाताचं. खरी ओढ आणि खरी सोड हाताच्या पलीकडे असते, आणि ते मला कळायला दहा वर्षं लागली. भजनात मुख्य बाई एक ओळ म्हणते, मागच्या बाया ती उचलून धरतात. बाया उचलतात तेव्हा ढोलकाने ओढायचं. डावा पंजा कातड्यावर दाबून सरकवायचा, लय जराशी पुढे न्यायची, टाळ्या वाढू द्यायच्या, सगळ्यांचं अंग डोलायला लावायचं. आणि मुख्य बाई पुढची ओळ घेणार, त्याच्या आधी सोडायचं. पूर्ण सोडायचं, हं. थोडंसुद्धा हातात ठेवायचं नाही. त्या सोडण्यात एक जागा तयार होते, इतकीशी, चिमटीत मावेल एवढी. ऐकणाऱ्याला ती कळत नाही. गाणारी त्या जागेत श्वास घेते.

आमची मुख्य बाई होती कुसुम.

कुसुम माझ्या दोन घरं पलीकडे नांदायला आलेली, माझ्या मागे दोन वर्षांनी. तिचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. गोड आवाजाच्या बाया पुष्कळ असतात. तिचा आवाज लांब होता. ओळ सुरू केली की ती थेट बांधावरच्या माणसापर्यंत जायची. रोवणीत चिखलात वाकून धानाचे परे लावतानाही तिचं गाणं तुटत नसे. चौदा वर्षं ती गायली आणि मी वाजवलं, आणि चौदा वर्षांत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही की ही सोडते की नाही. तिला माहीत होतं. मी सोडणारच. डोळे मिटून पायरी उतरणाऱ्या माणसासारखी ती त्या जागेत श्वास ठेवायची.

आता तुला वाटलं असेल, म्हातारी मैत्रिणीचं कौतुक सांगून राहिली. थांब जरा. मी मुद्दामच लांबून येते आहे. सरळ यायला — सरळ यायला जीव होत नाही.

बावीस वर्षांपूर्वी चिचगडला बायांच्या भजनांची स्पर्धा होती. धान घरात आलं होतं, हात रिकामे होते, मंडळ रोज दुपारी माझ्या ओसरीवर बसत होतं. आमची साडी पिवळी, लाल काठाची, सगळ्यांची एकसारखी. स्पर्धेच्या चार दिवस आधी मी ब्लाऊज आणायला आमगावला शिवणवालीकडे गेले. तिने माझा पिवळा ब्लाऊज पिशवीत घातला आणि वर एक हिरवा ठेवला.

"हा कुसुमबाईचा. जाता जाता देऊन देजा."

"हिरवा? आमचा तर पिवळा हाय."

"हा गोंदियावाल्या मंडळाचा नाही का? त्यायच्यात जाऊन राहिली ना ते आता. पुढच्या महिन्यापासून. तुमाले माहीत नाही?"

"माहीत हाय ना," मी म्हटलं. "माहीत नसायले काय झालं?"

आणि तो हिरवा ब्लाऊज मी तिच्याच टेबलावर परत ठेवला. तूच दे म्हटलं, माझं ओझं जास्त आहे.

त्या दिवशी मी घरी कशी आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझे कान गरम झाले होते. गोंदियाचं ते मंडळ मी ऐकलेलं होतं. त्यांच्याकडे तबला होता, माईक होते, अर्धी भजनं हिंदीत. तिथं ढोलकाला जागा नव्हती. म्हणजे मला नव्हती. बरं, जायचं तर जा, तुला कोणी बांधून ठेवलं नाही. पण मला शिवणवालीकडून कळावं? चौदा वर्षं जिच्या श्वासाचा हिशेब मी माझ्या हातात ठेवला, तिने माप देऊन ब्लाऊज शिवायला टाकला आणि माझ्या ओसरीवर बसून माझाच चहा पीत राहिली? त्याच दुपारी ती आली, बसली, गायली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. आता सांगेल, मग सांगेल. तिने काय सांगितलं तर लसणाची चटणी मस्त झाली म्हणून.

फसवलं गेल्याचं दुःख वेगळंच असतं गं. माणूस गेल्याचं दुःख चार लोकांत रडता येतं. हे कोणापुढे रडायचं? मैत्रीण दुसऱ्या मंडळात चालली म्हणून? लोक हसतील. मी ते गिळलं. चार दिवस गिळत राहिले.

चिचगडला आम्ही सकाळीच काळीपिवळी जीपमधून गेलो, एकमेकींच्या मांडीवर बसून. दुपारी जेवणानंतर आमचा नंबर आला. भजन देवीचं होतं, आमच्याच गावच्या एका म्हाताऱ्याने रचलेलं, चार कडव्यांचं. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ फार लांब. ती ओळ कुसुमशिवाय कोणाच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून तर आम्ही ते निवडलेलं.

पहिलं कडवं मी नीट वाजवलं. दुसरंही. कुसुमचा आवाज असा लागला होता त्या दिवशी की मंडपातले लोक तोंडातला विडा चघळायचे थांबले. आणि मला वाटलं, हे सगळं आता हिरव्या साडीत जाणार.

तिसऱ्या कडव्यापासून मी सोडलं नाही.

समजलं तुला? बाया ओळ उचलत होत्या तेव्हा मी ओढलं, नेहमीसारखं. आणि कुसुमची ओळ येण्याआधी खाली आले — पण पूर्ण नाही. केसभर वर राहिले. पुढच्या वेळी त्याच्याहून केसभर. ढोलक खाली आल्यासारखं वाटत होतं, आलेलं नव्हतं. चिमटीतली ती जागा मी थोडी थोडी मिटवत गेले. कुणाला पकडता येणार? बायांना वाटलं भजन रंगात आलं. परीक्षक मान डोलवत होते. लोक टाळ्यांनी साथ देऊ लागले. फक्त एका बाईला अर्धा श्वास मिळत होता, मग पाव, आणि तिला वाटत होतं की आपल्यालाच काहीतरी होऊन राहिलं आहे.

चौथ्या कडव्याची लांब ओळ तिने उचलली आणि ती मध्येच तुटली. स्वर गेला, खोकला आला. अर्ध्या बायांनी आपली पाळी समजून ओळ धरली, अर्ध्या गप्प राहिल्या. सगळं सांडलं.

तेव्हा कुसुमने मागे वळून पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, कळलं हिला. पण तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. शरम होती. माझीच माफी मागत होती ती. चुकली वो मी, तुझा ठेका वाया घालवला, असं.

तू म्हणशील, रागात होतीस, हात ताठला असेल, लय चढते अशा वेळी. नाही. हेच मला कबूल करायचं आहे, आणि हेच जिभेवर येत नव्हतं. माझा हात ताठला नव्हता. त्या दिवशीइतका सैल, इतका हलका हात माझ्या आयुष्यात कधी पडला नाही. ताठला असता तर बोटं अडखळली असती, सगळ्यांना ऐकू आलं असतं. मी मन एवढं आवळलं होतं की हात पूर्ण मोकळा होता. केसभर म्हणजे केसभरच चढवत होते. जे मला येत होतं ते सगळं मी त्या दोन कडव्यांत वापरलं.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ —

परत येताना काळीपिवळीत कुसुम माझ्या शेजारी बसली. देवरी गाव मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "माझा दम नाही पुरला वो, बाई."

मी तिचा हात हातात घेतला. आणि म्हटलं — शब्द सांगते, जसेच्या तसे — "वय झालं आता, कुसुम. मले तं दोन वर्षांपासून समजून राहिलं, तुझा दम लहान झाला म्हणून. मीच सांभाळून घेत होती. तुले वाईट वाटन म्हणून बोलली नाही."

लय चढवणं एक पाप. पण ते वाक्य? ते मी तिचा हात कुरवाळत म्हटलं.

तिने खिडकीबाहेर तोंड केलं. मग म्हणाली, "एक सांगू? आम्ही गोंदियाजवळ मुर्रीले जाऊन राहिलो राहायले. ह्यायनं दुकान टाकलं गोंदियात. मंडळवाल्या बायायनं मले विचारलं, मी हो म्हटलं. तुले आजचं झाल्यावर सांगीन म्हटलं. आधी सांगतली असती तं तुझा हात ताठला असता."

काळीपिवळी खड्ड्यांतून चालली होती. तिने माझ्यापासून लपवलं होतं, हे खरंच. मी ते आजही खोटं म्हणणार नाही. पण कशासाठी, तर माझा हात मोकळा राहावा म्हणून. आणि तो मोकळाच होता, नाही का? तेव्हा सांगता आलं असतं मला. देवरी ते आमगाव केवढा रस्ता आहे! मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "जा, सुखानं राहा. पण तिथं पुढं नको बसू. मागच्या बायायत बस."

तिने ऐकलं माझं. मुर्रीला गेली, हिरवी साडी नेसून मागच्या बायांत बसली, मंजिरा वाजवला. वर्षभराने तेही सोडलं. गोंदियात डॉक्टरला छाती दाखवली, फोटो काढला. काही निघालं नाही. काय निघणार होतं? रोवणीत, लग्नात, नातवंडांना निजवताना, कुठंही ती मग गायली नाही. माझ्याकडे येत राहिली मात्र. दर दिवाळीला येताना चिवडा आणायची. मी डबा रिकामा करून त्यात काहीतरी घालून परत द्यायचे, आणि मनात म्हणायचे, आता पुष्कळ दिवस झाले, आता बोलून काय उपयोग. अशी बावीस वर्षं निघतात गं. काही कठीण जात नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी मुर्रीला गेले होते तिच्याकडे. तिची नात आली कॉलेजातून. एकोणीस वर्षांची, नाव शर्वरी. पिशवी टाकता टाकता काहीतरी गुणगुणत होती आणि माझा कप धरलेला हात थांबला. तोच आवाज. लांब. म्हटलं, गातेस का गं? तर पोरगी हसली.

"आजी नाही म्हणते. आमच्या घरच्या बायांचा दम कमी आहे म्हणे. वय झालं की धोका देतो. म्हणून मी डान्समध्ये नाव दिलं."

कुसुमने माझ्याकडे बोट केलं. "ह्या आजीले विचार. तिनं माझ्या आधी वळखलं होतं."

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. सांग बरं, याहून सोपी वेळ देव कोणती देणार? आणि मी काय केलं असेल? मी चहा प्यायले. म्हटलं, डान्सही चांगला.

गोंदिया स्टेशनवर बाकावर बसले आणि एक गाडी तशीच जाऊ दिली. बावीस वर्षांपूर्वी मी एकीचा श्वास घेतला होता, रागात म्हणा. आज दुसरीचा घेतला, आणि आज तर राग कसलाच नव्हता. फक्त भीती होती. कुसुम मला काय म्हणेल याची.

महिना काढला तसाच. नाहीच झालं सहन तेव्हा गेल्या महिन्यात परत गेले. दुपारची वेळ. कुसुम अंगणात चटईवर बसून तांदूळ निवडत होती. घरात कोणी नव्हतं. "अवो, पुन्हा आली? काही विसरली का?" म्हणून हसली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर पुन्हा चहा आला असता. हिरव्या ब्लाऊजपासून काळीपिवळीतल्या त्या वाक्यापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही. रडलेही नाही, ते रडणं तिच्यावर कशाला टाकू?

तिचे हात सुपात तसेच राहिले. मला वाटलं होतं ती ओरडेल. काऊन केलं, कायले केलं, विचारेल. मी त्याची उत्तरं गाडीत बसून जुळवली होती.

तिने एवढंच विचारलं, "कोन्या कडव्यापासून?"

"तिसऱ्या."

तिने सूप बाजूला ठेवलं. डोळे मिटले. मांडीवर पंजा ठेवून ठेका धरला, आमचा जुना ठेका, संथ. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. प्रत्येक ओळीआधी तिचे खांदे वर येऊन खाली जात होते. पूर्ण. चौथ्याची लांब ओळ आली तेव्हा माझाच श्वास अडकला. ती ओळ तिने शेवटपर्यंत नेली, ओठांनीच, आणि पंजा मांडीवर थांबला. सत्तरीला आलेली बाई.

डोळे उघडून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "होता. दम होता मले."

मग सूप ओढून घेतलं आणि खडे शोधू लागली. मला जा म्हणाली नाही. बस म्हणाली नाही. मी चपला घालून निघाले.

त्यानंतर तिचा फोन नाही. मीही केला नाही. मात्र परवा मुर्रीहून एक बाई इकडे लग्नाला आली होती, तिच्याकडून कळलं की कुसुम रोज संध्याकाळी नातीला समोर बसवून शिकवते. पोरीने डान्समधलं नाव काढून गाण्यात घातलं आहे. मी विचारलं, ठेका कोण धरतं? म्हणाली, कोणी नाही, मोबाइलवर लावतात. शेजारची एक बाई ढोलक घेऊन आली होती, कुसुमने तिला हात जोडून परत पाठवलं. मशीनचा ठेका बरा, म्हणाली. तो चढत नाही, उतरत नाही.

तो ठेका मी ऐकलेला आहे. त्यात ओढ नसते, सोड नसते. शर्वरीसारख्या आवाजाला त्यात मोठा तोटा आहे, आणि कुसुमला ते माझ्याहून जास्त कळतं. तरी तिने तोच निवडला. बरोबर केलं तिने.

चल, ऊन उतरलं. तुझी गाडी असेल आता. इतकं ऐकून तुझं तोंड उतरलं आहे, ते दिसतं मला. काही बोलू नकोस. मी दुपारी घरीच असते आताशा, मंडळ बंद आहे. लवकर ये गं पुन्हा.